लिटरला नऊ

सहदेवनं एवढंच ठरवलं होतं, की आता गाडीला थोडं कमी पाजायचं. त्या एवढ्याशा ठरवण्यातून सबंध कडाव गावाला वर्षभर पुरेल इतकं हसू निघणार आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं!

आधी गाडीचं सांगायला हवं. ओढ्यापलीकडच्या बंगल्यातला मुंबईचा शेठ लेकीकडं परदेशात कायमचा निघाला, तेव्हा बंगल्याची राखण करणाऱ्या सहदेवच्या हातात त्यानं किल्ली ठेवली. "हिला तूच सांभाळ," म्हणाला, आणि डोळे पुसत विमानाला गेला. (डोळे का पुसत होता, ते सहदेवला पहिल्यांदा पंपावर गेल्यावर कळलं.) अमेरिकेची जुनी गाडी. लाल, म्हणजे एके काळी लाल, आता वाळल्या मिरचीच्या रंगाची. पुढचं नाक इतकं लांब, की गाडी अंगणात वळायला लागली की नाक आधी शेजारच्या पडवीत डोकावून यायचं. आठ सिलिंडर. चालू केली की घराची कौलं थरथरायची आणि खुडूक कोंबडी अंडी टाकून पळायची. असली गाडी कर्जत-खालापुरात दुसऱ्या कोणाकडं नव्हती, कारण पेट्रोलची विहीर दुसऱ्या कोणाकडं नव्हती. लिटरला चार किलोमीटर. तेही रस्ता सपाट असला तर. चढ असला तर विचारू नये.

तरी सहदेवचा जीव तिच्यावर. सोनुबाईवरही होता म्हणा, बायकोच ती. पण सोनुबाईला आठ सिलिंडर नव्हते.

घोटाळ्याची सुरुवात झाली लेकीच्या लग्नात. अपेक्षाला वावोशीला दिली, नागू पाटलांच्या घरात. नागूशेठ म्हणजे बैलांच्या शर्यतीतलं मोठं नाव. आवाज मोठा, मिशी मोठी, आणि काही म्हणता काही विसरायची सवय नाही. सहदेवनं हट्ट धरला, वरात माझ्याच गाडीतून काढायची. वरात निघाली, बँड वाजला, पोरं नाचली, आणि बरोबर वावोशीच्या वेशीवर गाडीनं एक उचकी दिली आणि थांबली. पेट्रोल संपलं. नवरदेव मुंडावळ्या कानामागं टाकून खाली उतरला नि ढकलायला लागला. त्याच्या बाजूला नागूशेठ. ढकलता ढकलता ते बँडच्या वर आवाज काढून म्हणाले,

"व्याही, पोरगी नांदायला धाडलीत ती धाडलीत, वर ही पण आमच्याच गळ्यात घालताय व्हय?"

सगळी वरात हसली. बँडवाला हसला आणि त्याच्या पिपाणीतून भलताच सूर निघाला. सहदेव स्टिअरिंगमागं इतका खाली सरकला, की बाहेरून गाडीत नुसता फेटाच बसलेला दिसत होता.

त्या दिवसापासून नागूशेठ कुठंही भेटोत, बारशाला, बाराव्याला, कर्जतच्या बाजारात, पहिला प्रश्न ठरलेला: "काय व्याही, किती देते?" सहदेव हसल्यासारखं करायचा आणि रात्री कुशीवर वळायचा.

घरात वेगळीच कटकट. सोनुबाईचे दोन बैल होते, हरण्या आणि तांब्या. माहेरून खोंडं असताना आणलेले, तिनं आपल्या हातानं पेज पाजून वाढवलेले. नागूशेठनी लग्नातच त्यांच्यावर डोळा ठेवला होता. सहदेवचं म्हणणं, द्यावेत.

"अगं, पावर टिलर आलाय गावात. बैलांना काय काम उरलंय? पेंढा खायचा नि रवंथ करायचा."

"नि तुमची ती लाल म्हैस काय करते? पेट्रोल प्यायचं नि धूर सोडायचा. माझे बैल शेण तरी देतात."

रोज हेच. शेवटी एका सकाळी सोनुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि हातातलं उलथनं सहदेवकडं रोखलं.

"एका घरात दोन खादाडं नकोत. तुमची गाडी लिटराला आठ चालली, तर बैल द्या नागूशेठांना. मी चकार शब्द काढायची नाय. नाय चालली, तर ती भंगारात. हाय कबूल?"

आठ का म्हणाली? चाराचे आठ होणं म्हणजे तिच्या हिशेबानं म्हशीनं माडावर चढणं. ती निर्धास्त होती. सहदेव मात्र "कबूल" म्हणाला आणि भाकरी अर्धी टाकून थेट खोपोलीला गेला, साईनाथ मिस्त्रीकडं. त्यानं कोणाकडून तरी ऐकलं होतं, की जुन्या गाडीला नव्या तऱ्हेचं इंजेक्शन बसवलं की ती पोटापुरतंच पिते.

साईनाथनं बॉनेट उघडलं आणि आत वाकला. "दादा, आता हाय तो कार्बोरेटर. कार्बोरेटर म्हंजे तान्ह्या पोराच्या तोंडात घागर ओतायची. पोर पितंय किती, सांडतंय किती, बघायला कोण नाय. इंजेक्शन म्हंजे चमचा. नि हा डबा बघा, हा कॉम्प्युटर. ही पोराची आई. भूक बघून चमचा भरायचा."

"मंग आठ देईल?"

"पाच देईल, ते मी सांगतो. पुढचं तुमच्या पायावर हाय, दाबाल तसं. पण दादा, टाकी बदला. आतनं गंजलीय. कार्बोरेटरला गंज खपून जायचा, इंजेक्शनला एक कण चालत नाय. फिल्टर तुंबला की गाडी बसली."

"टाकी ऱ्हाऊ दे. अमेरिकेचं लोखंड हाय ते."

(अमेरिकेचं लोखंड गंजत नाही, हे सहदेवला कोणी सांगितलं होतं देव जाणे. टाकीत वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं.)

इंजेक्शन बसलं. गावात बातमी पोचली. "दंडात दिलं का कंबरेत?" असं शेजारच्या हिरूनं विचारून घेतलं. सहदेवनं लक्ष दिलं नाही. त्यानं कर्जतच्या वाटेवरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली, मीटरचा आकडा मनात पक्का केला आणि ठरवलं: आता वापरायची, पुन्हा काठोकाठ भरायची, किती चालली आणि किती प्याली ते बघायचं. इतकं सरळ काम.

पहिले दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. धूर नाही, उचकी नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, गावाकडं वळायच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं आणि वर तापलेलं ऊन, अशा ठिकाणी ती गप्प झाली. अमेरिकेच्या लोखंडाचा गंज फिल्टरमध्ये जाऊन बसला होता.

आता काय करावं? ट्रॅक्टरवाल्याला बोलवावं, तर संध्याकाळपर्यंत वावोशीला बातमी. साईनाथला बोलवावं, तर तो म्हणणार, टाकीचं काय सांगितलं होतं. सहदेवनं चारी बाजूंना पाहिलं आणि हॉर्न दाबला. त्या गाडीचा हॉर्न म्हणजे बोटीचा भोंगा. भोंऽऽऽ! सोनुबाई खळ्यावर होती. तिनं ओळखलं. हरण्या-तांब्याला घेऊन, खांद्यावर जू आणि जाड दोर टाकून आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली,

"आता काय, भंगारात ना?"

"का म्हणून? शर्त ॲव्हरेजची हाय. चालायची नाय."

सोनुबाईनं यावर विचार केला. शब्दाला पक्की बाई. शर्त खरंच ॲव्हरेजचीच होती. तिनं जू मांडलं, दोर पुढच्या बंपरला बांधला, बैलांना हाक दिली, आणि लाल गाडी घुंगरांच्या तालावर घराकडं निघाली. अंगणात पोचल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून गूळ काढला, एक खडा हरण्याला, एक तांब्याला. "दुसऱ्याच्या पापाचं ओझं ओढलंत रं बाबांनो. तोंड तरी गोड करा."

मग हे नेहमीचंच झालं. सहदेव फिल्टर काढायचा, फुंकायचा, पुन्हा बसवायचा. गाडी कर्जतला जायची, येताना कुठंतरी बसायची. भोंऽऽऽ! की सोनुबाई, बैल, दोर. अंगण आलं की गूळ. पुढं पुढं तर हॉर्न ऐकला की बैल गोठ्यातच उभे राहायचे आणि दाव्याला झटके द्यायचे. सोनुबाई पोचायच्या आधी त्यांच्या जिभा बाहेर.

आणि सहदेव? तो आत काचा वर करून बसायचा. घामानं भिजायचा, पण काच खाली करायचा नाही. वाटेत कोणी दिसलं की खाली वाकून काहीतरी हरवलेलं शोधायचा. हिरूनं एकदा काचेवर टकटक केलंच.

"सहदेवदादा, बैल गाडीला लावलेत का गाडी बैलांना?"

"सराव देतोय," सहदेव काचेच्या आतून ओरडला. "शर्यतीला द्यायचेत ना नागूशेठांना!"

हिरू बराच वेळ रस्त्यातच बसून होता. हसून पोटात कळ आली होती त्याच्या.

एके दिवशी पेट्रोलचा काटा थोडा खाली आला. सहदेव पंपावर गेला, टाकी पुन्हा काठोकाठ भरली. दहा लिटर बसलं. मीटर बघितला, मागचा आकडा आठवला, वजाबाकी केली. पुन्हा केली. पंपावरच्या पोराकडून मोबाईलवर करून घेतली. नव्वद किलोमीटर. लिटरला नऊ! आठ नाही, नऊ!

त्या दिवशी गाडीही शहाण्यासारखी घरापर्यंत आली. सहदेव अंगणातूनच ओरडला, "सोने, नऊ! लिटराला नऊ!"

सोनुबाई सुपात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"मीटर बघून सांगता?"

"मीटर बघून. मीटर कधी खोटं बोलतो का?"

तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि गोठ्यात गेली. दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाही. सहदेवनं एकदा दारातून वाकून बघितलं. ती तांब्याच्या मानेवरून हात फिरवत होती. जू घासून तिथले केस गेले होते, तिथंच. सहदेव पाय न वाजवता माघारी आला. जिंकलेल्या माणसाला जेवण गोड लागावं, त्यानं त्या दिवशी अर्धा भात कोंबड्यांना टाकला.

पण वावोशीला फोन लावायचा काही तो राहिला नाही. "व्याही, लिटराला नऊ! या जेवायला, नि बैल घेऊन जा."

"नऊ?" नागूशेठचा आवाज फोनमधून अख्ख्या पडवीला ऐकू आला. "गाडी ढकलत नेली व्हती का काय?"

"इंजेक्शन हाय. या तर खरं. फिरवून दाखवतो."

रविवारी नागूशेठ आले. सोबत टेंपो आणि दोन गडी. सोनुबाईनं कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली नाही. मग तिनं बैलांच्या पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओवाळलं. एवढं सगळं कोरड्या डोळ्यांनी. सहदेवला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

टेंपोला फळी लागली. बैल काही फळीवर पाय ठेवीनात. गडी पुढून कासरा ओढतायत, मागून रेटतायत. हरण्या ढिम्म, तांब्या ढिम्म.

"चढतील हळूहळू," नागूशेठ म्हणाले. "चला व्याही, तोवर दाखवा तुमची नवाची गाडी."

दोघं गाडीत बसले. सहदेवनं काच आज मुद्दाम खाली केली. किल्ली फिरवली. घर्र. पुन्हा फिरवली. घर्र घर्र. नागूशेठनी मिशीवरून हात फिरवला. सहदेवच्या कपाळावर घाम आला, डोकं रिकामं झालं, आणि हात आपोआप, रोजच्या सवयीनं, हॉर्नवर गेला.

भोंऽऽऽ!

मग जे झालं ते डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. हरण्यानं कासऱ्याला असा हिसका दिला की एक गडी फळीवर बसला आणि दुसरा शेणाच्या खड्ड्यात. दोघं बैल शेपट्या वर करून अंगणातून दौडत आले, गाडीच्या लांब नाकापुढं येऊन वळले, पावलापावलानं मागं सरकत बंपरला टेकले, शेजारी शेजारी उभे राहिले, माना खाली घातल्या आणि जिभा बाहेर काढून सोनुबाईकडं बघायला लागले. तांब्यानं तर घरचंच काम असल्यासारखं बॉनेटवर शेणही टाकलं.

खड्ड्यातला गडी शेण निथळत वर आला.

"व्याही," नागूशेठ सावकाश म्हणाले, "ह्ये कधीपासून?"

"कधीमधी... लाडात येतात."

"लाडात? माझं आयुष्य बैलांत गेलंय. असं कामाला शिकवल्याबिगर बैल मागं सरत नाय. विहीणबाई, जू हाय का? बांधा बघू."

सोनुबाईनं जू मांडलं, दोर बांधला, हाक दिली. गाडी हलली. इंजिन बंद. नुसती घुंगरं आणि चाकाखालची खडी. गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. नागूशेठ इकडंतिकडं बघत होते, आणि मग त्यांची नजर समोर, मीटरवर गेली.

मीटरचं शेवटचं चाक हळूहळू, अगदी निवांत, वर सरकत होतं. एक आकडा गेला, दुसरा आला.

सहदेवनं झटकन खांद्यावरचा टॉवेल मीटरवर टाकला.

नागूशेठनी टॉवेल उचलला. घडी घातली आणि सहदेवच्या मांडीवर ठेवली.

"इंजिन बंद हाय ना व्याही?"

"हाय."

"मंग ह्ये कोण मोजतंय?"

चाकं फिरली की मीटर फिरतो. मग चाकं पेट्रोलनं फिरोत नाहीतर पेंढ्यानं. मीटरला काय त्याचं! आणि सहदेवला हे आत्ता कळलं असंही नव्हतं. एकदा, काचा वर करून बसलेला असताना, त्यानं तो आकडा सरकताना पाहिला होता. पाहिला होता, आणि नजर उचलून शेतातल्या बगळ्यांवर लावली होती. बगळे चांगले होते त्या दिवशी.

"तर मंग," नागूशेठ म्हणाले, "नवातले बैलांचे किती?"

सहदेवनं मनात हिशेब केला. कर्जतच्या वाटेवरून खेपेखेपेला ओढून आणलं ते, ओढ्यापलीकडून आणलं ते, वळणावरून आणलं ते. साईनाथ म्हणाला होता तेवढंच निघालं. पाच पेट्रोलचे.

"चार," तो म्हणाला. एवढ्या बारीक आवाजात तो जन्मल्यावर पहिल्यांदाच बोलला असेल.

नागूशेठ हसले. हसले म्हणजे काय, दार उघडून रस्त्यावर उतरले, बॉनेटला हात टेकून हसले (शेणात टेकला, तरी हसले), आणि पुढं जाऊन सोनुबाईला म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या या भोळ्या जिवांनी स्वतःच गाडी ओढून ओढून तिचा ॲव्हरेज पाचाचा नऊ केला, नि स्वतःलाच माझ्या टेंपोत बसवायला निघाले व्हते!"

सोनुबाई हसली नाही. ती कासरा सोडून मागं आली. खिडकीपाशी उभी राहिली.

"मला ठावं नव्हतं, मीटर बैलांना पण मोजतो ते," ती म्हणाली. "तुमाला ठावं व्हतं?"

काच खालीच होती. आज मुद्दाम खाली केलेली. आता वर करायची सोय नव्हती. हिरू, दोन्ही गडी, गावातली निम्मी माणसं रस्त्यावर गोळा झालेली.

"एकदा बघितलं व्हतं," सहदेव म्हणाला.

सोनुबाई त्याच्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं अंगावर घेतल्या असत्या. नुसतं बघणं कुठं घ्यावं कळेना. त्यानं हवेत बगळे शोधले. आज एकही नव्हता.

"बैल माझ्या कामाचे नाय," नागूशेठनी डोळे पुसत सांगून टाकलं. "शर्यतीत कोणाच्या गाडीचा भोंगा वाजला, तर छकडा सोडून जातील नि बंपरपुढं उभे ऱ्हातील. माझी सगळीकडं शोभा."

"नि गाडी उद्या भंगारात," सोनुबाई म्हणाली. "पाच झाले. आठ नाय."

सहदेवनं मान डोलावली.

"थांबा, थांबा," नागूशेठ म्हणाले. "वैशाखात माझ्या धाकट्याचं लगीन हाय. गाडी भंगारात नको. वरातीला द्या. पण अशीच, बैलांसकट. यंदा ढकलायला माझ्या अंगात ताकद नाय."

सोनुबाईनं पाचही बोटं पदराला पुसत विचार केला. "बैलांना गूळ द्याल?"

"ढेप देतो!"

तर वैशाखात वावोशीत ती वरात निघाली. पुढं बँड, त्यामागं हिरव्या लुगड्यात सोनुबाई, हातात कासरा, ताठ मान. शिंगांना बाशिंगं बांधलेले हरण्या आणि तांब्या, मागं फुलांनी मढवलेली लाल गाडी, गाडीत नवरानवरी, आणि स्टिअरिंगमागं फेटा बांधून सहदेव. त्याला फार काम नव्हतं. वळणावर चाक वळवायचं, आणि बैल कुठं मिठाईच्या दुकानापाशी रेंगाळले तर हॉर्न दाबायचा. वेशीवर, बरोबर त्याच जागी, कोणीतरी गर्दीतून ओरडलंच, "काय सहदेवदादा, किती देते?"

सहदेवनं तोंड उघडायच्या आत नागूशेठनी हात वर केला. "लिटराचं नाय विचारायचं! पेंढ्याच्या भाऱ्याचं विचारा!"

बँडवाल्याच्या पिपाणीतून पुन्हा भलताच सूर निघाला.

मांडवाच्या दारात वरात थांबली. सोनुबाईनं ढेपेतला गूळ फोडला. एक खडा हरण्याला दिला. एक तांब्याला. मग ती गाडीच्या बाजूला आली, उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि तिसरा खडा सहदेवच्या तळहातावर ठेवला.

सहदेवनं इकडंतिकडं बघितलं. मग खाल्ला. हॉर्न त्यानं वाजवला होता ना.